घामाने योग मोजू नका

होळी आटोपली की पालघरच्या किनाऱ्यावरची हवा बदलते. सकाळी आठलाच अंग चिकचिकू लागते, रात्री पंख्याखालीही उशी ओली होते. नेमके याच दिवसांत बोईसर, तारापूर, पालघरच्या वसाहतींमधले योगवर्ग भरू लागतात. परीक्षा संपलेल्या असतात, मुलांची उन्हाळी शिबिरे निघतात, थंडीत उठायचा कंटाळा करणाऱ्यांना लवकर जाग येते आणि २१ जूनच्या योग दिनाची तयारीही डोक्यात असते. वर्षातला शरीरावर सर्वाधिक ताण टाकणारा हंगाम आणि नवशिक्यांच्या उत्साहाचा हंगाम असा एकत्र येतो.

उन्हाळ्यात योग बंद ठेवा, असे मी म्हणणार नाही. पण तो थंडीतल्यासारखाच करू नये आणि मुख्य म्हणजे थंडीतल्यासारखाच शिकवू नये. हे सांगायची गरज वाटते, कारण ‘आज भरपूर घाम निघाला, म्हणजे चांगला सराव झाला’ हा समज शिकणाऱ्यांत आणि शिकवणाऱ्यांतही घट्ट बसला आहे.

घाम निघाल्याने शरीर थंड होत नाही. घाम त्वचेवरून वाळला, तरच थंड होते. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. तोच घाम टपटप खाली पडला, तर पाणी आणि मीठ गेले, उष्णता मात्र आतच राहिली. विदर्भातल्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळतो. आपल्याकडे हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे तो वाळत नाही. तापमापकावर ३४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर शरीराला ते सुमारे ४२ अंशांसारखे जाणवते. चटईवर घामाचे थारोळे साचले असेल, तर त्याचा अर्थ शरीराची थंड होण्याची यंत्रणा हरत चालली आहे, असा घ्यायला हवा.

म्हणूनच हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकषही किनारपट्टीसाठी वेगळा आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते, किनाऱ्यावर ३७ अंश. त्याशिवाय ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावे लागते. पण लाट जाहीर झाली नाही म्हणजे धोका नाही, असे मानू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. ती माणसे व्यायाम करत नव्हती, उघड्यावर उन्हात बसून होती. हवा आपल्यासारखीच, किनाऱ्यालगतची.

आता यात व्यायामाची भर घाला. स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ताडासन, वक्रासन, भुजंगासन संथपणे केले तर शरीराला लागणारे कष्ट सावकाश चालण्याइतके असतात. न थांबता वेगाने घातलेले सूर्यनमस्कार मात्र भरभर चालण्याच्या आणि कधी धावण्याच्या जवळ जातात. उन्हाळ्याचा विचार करताना ‘योग’ या एकाच शब्दाखाली हे दोन्ही टाकून चालत नाही.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. महाराष्ट्रात सूर्यनमस्कारांचा दिवस म्हणजे रथसप्तमी. ती माघात, थंडी सरता सरता येते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात व्यायाम थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असे सांगितले आहे. ग्रीष्मात तर व्यायाम आणि ऊन दोन्ही टाळायला सांगितले आहे. घेरंडसंहिता हा हठयोगाचा प्रमाणग्रंथ. त्यात योगाभ्यासाचा आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, ग्रीष्मात करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. जुन्या ग्रंथात आहे म्हणून ते खरे, असे मी मानत नाही. पण इथे ग्रंथ आणि शरीरशास्त्र एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि परंपरेचे नाव घेऊन मे महिन्यात १०८ सूर्यनमस्कारांचा संकल्प सोडणाऱ्यांनी निदान परंपरा तरी वाचावी.

परदेशात याच्या अगदी उलट एक पद्धत गाजली. बंद खोली सुमारे ४० अंशांपर्यंत तापवून दीड तास २६ ठरावीक क्रिया करायच्या, असा तो ‘हॉट योगा’. उष्णतेने शरीरातली विषद्रव्ये बाहेर पडतात, हा त्याचा प्रचार. विषद्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात; घामात प्रामुख्याने पाणी आणि मीठ असते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तीच आसने तापवलेल्या खोलीत आणि साध्या खोलीत करणाऱ्या मध्यमवयीन लोकांची तुलना केली. रक्तवाहिन्यांच्या प्रसरणक्षमतेत दोन्ही ठिकाणी सारखीच सुधारणा दिसली. फायदा आसनांचा होता. बोईसरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये फुकट मिळणाऱ्या उष्णतेला म्हणून कोणी गुण चिकटवू नये.

आपल्या भागात योगवर्गाला कोण येते, हेही पाहायला हवे. चिंचणी-तारापूर पट्ट्यात घरोघरी दागिन्यांच्या डाय बनवण्याचा व्यवसाय आहे. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर छिन्नीने बारीक नक्षी कोरायची, तासन्‌तास मान खाली, पाठ वाकलेली, डोळे वीतभर अंतरावर खिळलेले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती कला कापडावर, कागदावर, शोभेच्या वस्तूंवर काढून अनेक घरे चालतात. तेही जमिनीवर बसून, वाकून. शिवणकाम, बांबूकाम, घरी बसून केलेली पॅकिंगची कामे यांचे दुखणे एकच: मानेचा आणि खांद्याचा ताठरपणा, कंबरदुखी, मनगटातल्या मुंग्या, थकलेले डोळे.

या माणसांना धापा टाकायला लावणाऱ्या तासाची गरज नाही. त्यांना दिवसभर जे वाकते ते उलट्या दिशेने उघडायला हवे. कामाच्या जागीच दर तासाला दोन-तीन मिनिटे उठावे, खांदे मागे फिरवावे, हात वर ताणावे, मनगटे दोन्ही बाजूंना हलकी ताणावी, दारातून लांबच्या झाडाकडे किंवा ताडाच्या शेंड्याकडे नजर लावावी. सकाळी किंवा कामानंतर दहा मिनिटांत मार्जारासन, भुजंगासन, वक्रासन आणि शेवटी शवासन एवढे केले तरी पुष्कळ. यात उष्णता फारशी तयार होत नाही, खर्च नाही आणि एप्रिल-मेमध्येही खंड पडत नाही. उन्हाळ्यासाठी योग बेतायचा म्हणजे असा, माणसाच्या कामावरून.

दुसरा वर्ग कारखान्यांतल्या कामगारांचा. बॉयलरजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये पहिली पाळी करून दुपारी बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी वर्गाला येतो, तेव्हा त्याचे पाणी आधीच कमी झालेले असते. लघवी गडद पिवळी होत असेल, तर त्या दिवशी त्याने शवासन आणि संथ श्वसन एवढेच करावे. शिवाय संध्याकाळी गच्चीवर वारा असला, तरी दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असतो. गच्चीवरचा वर्ग पहाटे ठीक, संध्याकाळी सातला नव्हे.

तारापूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. कपालभाती आणि भस्त्रिकेत श्वास जोरात आणि भराभर चालतो. हवेत रसायनांचा उग्र वास असेल, डोळे चुरचुरत असतील, तेव्हा उघड्यावर हे प्रकार करणे म्हणजे तीच हवा जोराने आत ओढणे. दमेकऱ्यांनी तर त्या दिवशी खिडक्या लावून घरातच संथ सराव करावा आणि इनहेलर हाताशी ठेवावा.

मग उन्हाळ्यात शीतली आणि शीत्कारी करावी का? हठप्रदीपिकेत या दोन्ही प्राणायामांचे वर्णन आहे. जिभेची पन्हळ करून किंवा दातांच्या फटीतून हवा आत घेतली की ओल्या जिभेवरचे पाणी थोडे वाळते आणि तोंडात गारवा जाणवतो. श्वास संथ होतो, मन निवते. हे फायदे खरे आहेत, जरूर घ्यावेत. पण जिभेचा पृष्ठभाग तो केवढा, आणि दमट हवेत त्यावरून वाळणार किती? त्याने तापलेल्या शरीराचे तापमान उतरेल, अशी अपेक्षा ठेवू नये. चक्कर आलेल्या माणसाला शीतली करायला सांगून कोणी वेळ घालवू नये.

आता शिकवणाऱ्यांशी थोडे. पालघर-बोईसरमध्ये अनेक वर्ग महिला चालवतात. माफक फी, भाड्याचा हॉल किंवा सोसायटीची मोकळी जागा आणि घरचे सगळे सांभाळून वर्ग. ‘घाम निघाला नाही तर लोक दुसरीकडे जातात’ ही त्यांची अडचण खोटी नाही. म्हणूनच ही गोष्ट येणाऱ्यांनाही कळायला हवी. शिक्षिकेने वेग कमी केला, मधे दोनदा थांबून पाणी प्यायला लावले, तर ती कामचुकारपणा करत नाही, तिला विषय कळतो.

नव्या माणसाला आधी प्रश्न विचारावेत. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, काचबिंदू आहे का? गोळ्या कोणत्या? रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ लवकर कमी होते. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी हृदयाचा वेग हवा तसा वाढत नाही. सर्दीच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. अशा व्यक्तींनी औषध बंद करायचे नाही. सराव हलका ठेवायचा आणि आपल्या डॉक्टरांना विचारायचे. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन करू नये, त्याने डोळ्यातला दाब खूप वाढतो. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी आलेल्या माणसाची साखर उतरली तर घाम, थरथर, गोंधळ अशीच लक्षणे दिसतात. ती उन्हाची समजून चालणार नाही.

उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातले द्रव वाढते, घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते. म्हणून नवशिक्यांना पहिल्या पंधरवड्यात वीस मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे. वर्ग सकाळी सातच्या आत संपवावा. शवासनातून उठताना आधी कुशीवर, मग बसून, मग उभे राहावे. उन्हाळ्यात झटकन उठल्यावर रक्तदाब उतरून पडणारे बरेच असतात. पाणी, ताक, मीठ घातलेले लिंबू किंवा कोकम सरबत प्यावे. ताडगोळे खावेत, ताडी मात्र तहान भागवण्यासाठी पिऊ नये. तिच्यातल्या मद्यार्काने लघवी वाढून पाणी उलट कमी होते. ज्यांना पाणी किंवा मीठ मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी आपले प्रमाण मोडू नये.

डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, गरगरणे यांतले काहीही झाले की सराव तिथेच थांबवावा, सावलीत झोपवून पाय थोडे उंच ठेवावेत, पाणी द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हे चूक आहे. व्यायामातून होणाऱ्या उष्माघातात त्वचा ओली असू शकते. १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता कपडे सैल करून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, पंख्याने वारा घालावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. या पहिल्या अर्ध्या तासात जे होते, त्यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

शेवटी २१ जूनबद्दल. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये हा दिवस ठरवला, तो उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस म्हणून. आपल्याकडे तेव्हा पाऊस नुकताच सुरू झालेला किंवा रेंगाळलेला असतो, हवा सर्वाधिक कोंदट असते आणि शाळा उघडून जेमतेम आठवडा झालेला असतो. दोन महिने सुट्टीवर असलेल्या मुलांना पटांगणात रांगेत उभे करून, पाहुणे येईपर्यंत ताटकळत ठेवून कार्यक्रम करण्यात आरोग्य कुठे आहे? शाळा, ग्रामपंचायती आणि कारखान्यांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे: कार्यक्रम सकाळी लवकर, छपराखाली, पाण्याची सोय करून आणि भाषणे वगळून घ्या. फोटो थोडे कमी येतील. मुले मात्र घरी जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा चटई अंथरतील, आणि योग दिनाचा उपयोग झाला तर तो एवढ्यानेच होईल.