विश्लेषण : दाढेचा ठणका थांबला, म्हणजे कीड गेली का?

दाढ ठणकू लागली की आधी लवंगेचे तेल, मग वेदनाशामक गोळी आणि तेवढ्यावर भागले नाही तर मेडिकलमधून आणलेले अँटिबायोटिक, हा क्रम अनेक घरांत ठरलेला असतो. चार दिवसांत ठणका थांबतो आणि दंतवैद्याकडे जाणे लांबणीवर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांना कीड आहे. ही कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचते कशी?

एनॅमल कसे भेदले जाते?

‘कीड’ हा शब्द फसवा आहे. दातात किडा नसतोच. दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्यात सुमारे ९६ टक्के खनिजे असतात. ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’सारखे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की ही खनिजे विरघळू लागतात. लाळ ती पुन्हा बसवत असते. पण दिवसभर थोडा थोडा गोड चहा आणि बिस्किटे सुरू राहिली, तर लाळेला सवड मिळत नाही.

डेंटिनमध्ये जिवाणूंना वाट कोण देते?

दाताची रचनाच देते. एनॅमलखालचा डेंटिनचा थर दिसायला भरीव, पण त्यात अतिसूक्ष्म नलिकांचे जाळे असते. एनॅमलच्या बाजूला चौरस मिलिमीटरमागे सुमारे २० हजार, तर आतल्या दंतमज्जेजवळ ४५ हजारांहून अधिक नलिका असतात. त्यांचा व्यास साधारण एक ते अडीच मायक्रॉन. तोंडातील अनेक जिवाणू एक मायक्रॉनपेक्षाही लहान असल्याने त्यांना या बोळांतून सहज शिरता येते. शिवाय डेंटिन एनॅमलपेक्षा सौम्य आम्लातही विरघळते.

नुसती जागा असून भागत नाही, चिकटावेही लागते. नलिकांमध्ये कोलॅजन हे प्रथिन असते. काही स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंच्या पृष्ठभागावरील प्रथिने ते ओळखून त्याला धरून ठेवतात. रॉबर्ट लव्ह, हॉवर्ड जेन्किन्सन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. हिरड्यांच्या आजाराशी संबंधित ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ एकट्याने नलिकांत शिरू शकला नाही. ‘स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनाय’ सोबत असताना मात्र शिरला. एकाने दार उघडायचे, दुसऱ्याने मागोमाग घुसायचे, असा हा प्रकार.

हिरड्या खाली सरकलेल्या असतील, तर मुळाकडूनही शिरकाव होतो. तिथे एनॅमल नसते. ग्रामीण महाराष्ट्रात मशेरी घासणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

दात प्रतिकार करतो का?

करतो. जिवंत दातात नलिकांतील द्रव आतून बाहेर ढकलला जातो, नलिकांत खनिज साचून त्या बुजतात, दंतमज्जेच्या कडेने नवे डेंटिनही तयार होते. कीड सावकाश वाढत असेल, तर हा बचाव बराच काळ टिकतो. गारेगार पाण्याने सणक जाते ती याच टप्प्यात, आणि साध्या फिलिंगवर दात वाचतो तोही सहसा याच टप्प्यात.

मग ठणका थांबतो का?

दंतमज्जा कठीण भिंतींत कोंडलेली असते. तिला सूज आली की पसरायला जागा नसल्याने असह्य ठणका लागतो. पुढे तिच्यातील नसाच मरतात आणि वेदना थांबते. जिवाणू मात्र आतच असतात. ते मुळाच्या टोकाशी पोहोचतात आणि तिथे पू होतो.

मृत दंतमज्जेत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पोटात घेतलेले अँटिबायोटिक तिथे पोहोचत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढांना बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक देऊ नये, असे सुचवले. ताप किंवा पसरणारी सूज असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा उशीर करू नये.

रूट कॅनालनंतर धोका संपतो का?

बराचसा. पण ‘एंटरोकॉकस फीकॅलिस’सारखे चिवट जिवाणू नलिकांत दडून राहू शकतात. म्हणूनच आतली पोकळी जंतुनाशक द्रावणाने धुऊन घट्ट बंद करावी लागते. पहिल्याच सिटिंगला दुखणे थांबले म्हणून पुढची भेट टाळणाऱ्यांच्या दातावर उरते ते तात्पुरते सिमेंट. ते झिजते, कडेने लाळ झिरपते आणि जिवाणूंना जुनी वाट पुन्हा मोकळी होते. या वेळी दातात नसच नसल्याने इशारा देणारी सणकही येत नाही.