टेलला पोचलेलं पाणी

यंदा लेख मागायला फोन केला की पलीकडून प्रश्न ठरलेला : "तुमच्या अंकाला आयएसएसएन नंबर आहे का हो?" विचारणारे बहुतेक प्राध्यापक. त्यांना तरी काय बोल लावणार! बढतीच्या फॉर्मात संशोधनाच्या गुणांचे रकाने असतात आणि दिवाळी अंकातल्या लेखाला त्यात शून्य. धुळ्याकडचे एक जुने स्नेही तर म्हणाले, "लिहितो, पण डिसेंबरनंतर. आधी दोन पेपर काढायचेत." डिसेंबरनंतर दिवाळी अंक कोण वाचणार, हे मी विचारलं नाही.

फोन ठेवला आणि एलिनॉर ऑस्ट्रम आठवल्या. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पुरस्कार ऑलिव्हर विल्यमसन यांच्याबरोबर विभागून होता. गंमत अशी की बाई अर्थशास्त्राच्या नव्हत्याच. शाळेत त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती, म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळाला नाही. मग त्या राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या वाटेला गेल्या. इंडियाना विद्यापीठात शिरकाव झाला तोही मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी सकाळी साडेसातचा तास घ्यायला कुणीतरी हवं होतं म्हणून. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या मास्तरांना यातली खोच समजावून सांगायला नको.

त्यांचा प्रबंध १९६५चा, विषय लॉस एंजलिसजवळचं भूजल. उपसा इतका वाढला होता की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकत होतं. पंपवाले एकत्र बसले, भांडले, कोर्टात गेले, उपशाला मर्यादा घालून घेतली आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींतून गोडं पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्याला आडवं घातलं. पुढे १९६८मध्ये गॅरेट हार्डिन यांनी लिहिलं की सामायिक कुरणाची नासाडी अटळ आहे. त्यावरून सगळ्यांनी दोनच उपाय धरले : सरकारने ताबा घ्यावा, नाहीतर वाटे करून मालकी द्यावी. पण पंपवाल्यांनी तिसरं काहीतरी केलेलं ऑस्ट्रमबाईंनी आधीच पाहिलं होतं. त्याचं पुस्तक व्हायला १९९० उजाडलं. पंचवीस वर्षं! वर्षाला दोन पेपरांच्या हिशेबात ही बाई केव्हाच नापास झाली असती.

मधल्या काळात पोलिसांवर काम झालं. छोटी पोलीस खाती मोठ्यांत विलीन करा, अशी तेव्हा हवा होती. बाईंनी इंडियानापोलिसच्या आसपासच्या सारख्या वस्त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, तर छोट्या खात्यांची सेवा मोठ्यांइतकी किंवा सरसच निघाली.

पण मला सगळ्यांत भावतो तो नेपाळचा अभ्यास. तिथे शेतकऱ्यांनी दगड-मातीचे बांध घालून चालवलेले पाट होते आणि सरकारने काँक्रीट ओतून बांधलेलेही. पाणी टेलपर्यंत, म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतापर्यंत, कुठे जास्त पोचतं? कच्च्या बांधाच्या पाटावर. कारण पाहा. कच्चा बांध पावसाळ्यात वाहून जातो, दरवर्षी नव्याने घालावा लागतो आणि त्याला माणसं लागतात. हेडच्या, म्हणजे पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याला टेलवाल्याच्या फावड्याची गरज पडते, म्हणून पाण्याची पाळीही त्याला द्यावी लागते. काँक्रीटचा बांध झाला की ही गरज सरली. हेडवाला हवं तेवढं पाणी घेतो, टेलवाला कोरडा. इंजिनिअरने बांध पक्का केला आणि देणंघेणं मोडलं.

धुळ्याकडच्या साक्री तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना हे ऐकवलं तर ते म्हणतील, यात नवं काय? पांझरा नदीवरचे फड तीन-चारशे वर्षांचे. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडायचे, एका फडात एकच पीक, शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा; तोटा सगळ्यांनाच. पाणी सोडायचं ते त्यासाठी नेमलेल्या पाटकऱ्याने, शेतमालकाने बाऱ्याला, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायच्या तोंडाला, हात लावायचा नाही. बाईंनी फड शोधून काढला नाही, हे खरंच. पण 'खेड्यातली जुनी रीत' म्हणून साहेबांनी बाजूला सारावी अशी जी गोष्ट होती, ती त्यांच्या कामामुळे टेबलावर पुरावा म्हणून मांडता यायला लागली. विद्वानाचा प्रभाव मोजायचाच तर मी इथे मोजीन.

महाराष्ट्राने २००५मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. ऑस्ट्रम यांचं नाव त्यात नाही. पण पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळावर हेड, मधला भाग आणि टेल इथले प्रतिनिधी सारखे असावेत, असं कलम आहे. नाशिकजवळच्या ओझरला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वाघाड धरणाच्या पाण्यावर अशा संस्था कायद्याच्या आधीच उभ्या करून दाखवल्या होत्या. बाकी ठिकाणी पुष्कळ संस्था कागदावरच राहिल्या, हेही सांगून टाकतो. दिवाळी आहे म्हणून गोड बोलायचं कारण नाही.

धुळ्याच्या स्नेह्यांचा लेख अखेर आला, तोही भाद्रपदात, हाताने लिहिलेला. पाटकऱ्यावर आहे. या अंकात तो पहिला घेतला आहे. "फॉर्मात हा कुठे दाखवणार?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "शेवटी 'इतर' असा एक रकाना असतो."