हजच्या पेटीतली नोट

पावसाआधी चौलला आमच्या चाचींच्या घरी माळा साफ करायला आम्ही गेलो होतो. त्यांच्या मरहूम सासऱ्यांची पत्र्याची पेटी निघाली. हजच्या कागदांत घडी घातलेली दहा रुपयांची नोट होती. तिच्यावर इंग्रजीत ‘हज’ छापलेले, नंबर ‘एचए’ने सुरू होणारा.

मुलाने फोटो कुठेतरी टाकला होता. “अम्मी, एकजण पंधरा लाख देतोय. आधी अकरा हजार नोंदणीचे भरायचे.” चाचींनी कानातले काढून ठेवलेही होते! आम्ही त्यांना थांबवले.

या नोटा रिझर्व्ह बँकेने 1959 साली हाजींसाठी काढल्या, दहाच्या आणि शंभराच्या. त्या सौदीत बदलून घ्यायच्या. आपल्या बाजारात चालत नसत. तिकडून बँकेकडे परत आलेल्या नोटा नष्ट झाल्या. उरल्या त्या हाजींनी खर्च न करता घरी आणलेल्या. म्हणून त्या दुर्मीळ. आखातासाठी त्याच वर्षी निघालेल्या ‘झेड’ अक्षराच्या नोटांचेही तसेच. कोकणातल्या किती घरांत कुवेत, बहरीनच्या आठवणी आहेत! तेव्हा जुनी पाकिटे नीट पाहा.

पण नोट जुनी म्हणून महाग होत नाही. किती शिल्लक आहेत, घेणारे किती आणि नोट कशी आहे, यावर भाव ठरतो. लंडनच्या लिलावात शंभराची एक हज नोट छप्पन लाखांवर गेली, म्हणून आपल्या दहाच्या नोटेला तसा भाव येईल असे नाही. घडी, डाग, पिनेची भोके किंमत उतरवतात. नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोरड्या हातांनी साध्या कागदी पाकिटात ठेवा.

आणि विकण्याआधी पैसे मागणारा ग्राहक नसतो, ठग असतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे बँकेनेच 2021 साली सांगितले आहे. दोन-तीन जाणकारांना किंवा नावाजलेल्या लिलावघराला दाखवूनच भाव ठरवावा.

चाचींनी कानातले पुन्हा घातले आणि मुरूडला नणंदेला फोन लावला. “आपा, अब्बांची नोट सापडलीय. तुमचाही हिस्सा आहे हो. या, मग ठरवू.”

भाव काय यायचा तो येईल. आम्हाला तो फोन मोलाचा वाटला.