आपला संघ ठरतो कसा?

श्रीपूर हे उसाच्या पट्ट्यातले कारखान्याचे गाव. इथे खेळ म्हटला की कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट. तरीही संध्याकाळी रस्त्याने निघालात, तर बार्सिलोना, रेआल माद्रिद आणि मँचेस्टर युनायटेडचे टी-शर्ट घातलेली पोरे हमखास दिसतात. यातल्या कुणी स्पेन पाहिलेला नाही की इंग्लंड. पण रात्री मोबाइलवर सामना पाहून, संघ हरला म्हणून दुसऱ्या दिवशी न जेवणारा मुलगा इथल्या घराघरांत सापडेल.

हाच संघ का, असे त्यांना विचारले तर उत्तर पटकन येते. "मेस्सी आवडतो." "त्यांचा खेळ भारी आहे." जरा खोदून विचारले की वेगळीच माहिती पुढे येते. थोरला भाऊ आधीपासून तोच संघ पाहत होता, वसतिगृहातल्या खोलीत सगळे त्याच संघाचे होते किंवा मामाने वाढदिवसाला तो टी-शर्ट आणला होता. म्हणजे संघ आधी ठरला आणि कारणे नंतर जमवली गेली.

कोल्हापुरात ही गोष्ट उघड दिसते. तिथे फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नुसती संघांची नावे नाहीत. गणपती बसवणे, अडल्यानडल्याला धावून जाणे, पेठेतल्या पोरांना वळण लावणे ही कामेही याच मंडळांची. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ गॅलरीत येते. शिवाजी पेठेत जन्मलेल्या मुलाने सर्व संघांचा खेळ तपासून, गुणदोषांचा तक्ता मांडून संघ निवडला, असे कधी घडत नाही. आडनाव आणि पत्ता मिळतो तसाच त्याला संघही मिळतो.

कोलकात्यात तर संघाला घराण्याचा इतिहास चिकटलेला आहे. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. पूर्व बंगालमधून, पुढे फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांचा संघ ईस्ट बंगाल, तर मूळच्या पश्चिम बंगालमधल्या घरांचा मोहन बागान, अशी ही विभागणी. आजोबांनी कुठले गाव सोडले, यावर नातवाचा संघ ठरतो.

पत्त्याच्या जोडीला वयही असते. १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनवर पाहणारी शाळकरी पिढी मॅराडोनामुळे अर्जेंटिनाची झाली आणि बरीचशी अजून तिथेच आहे. अमेरिकेत सेठ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी फेसबुकवरील पसंतीवरून बेसबॉलच्या चाहत्यांची जन्मसालानुसार मांडणी केली होती. मुलगा साधारण आठ वर्षांचा असताना जो संघ अजिंक्य ठरतो, त्याच्याकडे तो मोठेपणीही झुकलेला असण्याची शक्यता जास्त, असे त्यांना २०१४ मध्ये दिसले. आठव्या वर्षी आपण दुधाचे दातही पुरते पाडलेले नसतात, पण निष्ठेची मुळे रुजायला लागलेली असतात.

हे इतके सहज कसे घडते, याचा शोध हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने घेतला. ते पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी होते आणि घरची बहुतेक माणसे त्यांनी नाझींच्या संहारात गमावली. माणसे 'आपले' आणि 'परके' अशी भिंत कशी उभारतात, हा त्यांच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. १९७० च्या सुमारास त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना काही चित्रे दाखवली आणि तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रे आवडतात, तुम्हाला कॅंडिन्स्कीची, असे सांगून दोन गट केले. प्रत्यक्षात ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात कोण आहे, हेही मुलांना ठाऊक नव्हते. मग थोडे थोडे पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून नवल म्हणजे, दोघांनाही जास्त मिळण्यापेक्षा आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण समोरच्या गटाहून जास्त मिळावे, याकडे त्यांचा कल राहिला. जिथे गट होऊन दहा मिनिटे झाली तिथे ही गत, तर पिढ्यान् पिढ्यांच्या पेठेचे काय सांगावे!

एकदा 'आपले' ठरले की भाषाही बदलते. "काल आम्ही जिंकलो," असे चाहता म्हणतो आणि हरल्यावर "ते काल खेळलेच नाहीत." अमेरिकेतल्या रॉबर्ट सिआल्दिनी यांनी १९७६ मध्ये हे नोंदवले. विद्यापीठाचा संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढायची. घाम दुसऱ्याने गाळायचा आणि छाती आपली फुगायची!

इथपर्यंत गंमत आहे. डॉक्टर म्हणून माझे लक्ष यापुढच्या भागाकडे जाते. निष्ठा योगायोगाने मिळालेली असली, तरी शरीर ती शंभर टक्के खरी मानते. १९९४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला हरवले, तेव्हा अमेरिकेत सामना पाहणाऱ्या काही चाहत्यांची लाळ सामन्याआधी आणि नंतर तपासली गेली. ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढले होते, इटलीच्या चाहत्यांमध्ये घटले होते. खुर्चीतून न उठता त्यांची शरीरे जिंकली किंवा हरली होती. अभ्यास लहान होता, पण बोलका.

मोठा अभ्यास म्युनिकचा. २००६ चा विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी त्या परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या सुमारे २.७ पट झाल्या. पुरुषांत ही वाढ सव्वातीन पट होती आणि आधीपासून हृदयधमनीचा आजार असलेल्यांमध्ये चौपट. सामना सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन तास सर्वांत धोक्याचे ठरले. ताण वाढला की ॲड्रेनलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतात, आधीच अरुंद झालेल्या धमनीतला चरबीचा थर फाटू शकतो आणि त्यावर रक्ताची गुठळी बसते. गोल कुणी मारला, हे धमनीला कळत नाही.

म्हणून पन्नाशीच्या पुढच्या आणि मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या चाहत्यांना चार गोष्टी सांगतो. सामन्याच्या नादात गोळी चुकवू नका. तंबाखू, दारू आणि रात्रभराचे जागरण यांची सामन्याला जोड देऊ नका. एकट्याने पाहण्यापेक्षा सोबत कुणी तरी असू द्या. छातीत दडपण, दरदरून घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असे काही झाले, तर शिट्टी वाजेपर्यंत थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा. "पित्त असेल, सामना संपला की बघू" या वाक्यात फार जीव गेले आहेत.

दुसरा धोका हृदयात नसून हातात आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ चाहते मेले. सामना पाहायला गेलेली ती माणसे होती. कोल्हापुरातही हुल्लडबाजीने सामन्यांना गालबोट लागले आहे. दगड उचलणाऱ्या पोराला एवढेच सांगावेसे वाटते: तू दोन गल्ल्या पलीकडे जन्मला असतास, तर हाच दगड उलट दिशेने गेला असता.

यावर काही जण म्हणतात, मग हे वेड हवेच कशाला? मला ते पटत नाही. एकटेपणाही तब्येतीला घातक असतो. ज्या पोराला पेठ आहे, तालीम आहे, रविवारी ज्याची वाट पाहणारे चार जण आहेत, त्याचे बरेच काही शाबूत आहे. योगायोगाने मिळाली म्हणून निष्ठा खोटी ठरत नाही. आईवडील आणि मातृभाषाही आपण निवडलेली नसते. पण दुसऱ्यालाही त्याची मातृभाषा अशीच मिळाली आहे, हे ज्याला कळते तो तिच्यावरून भांडत नाही.

भिंत हलवता येते, याचाही पुरावा आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर येथे मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी त्यांच्या संघाबद्दल प्रश्न विचारले. मग वाटेत एक धावपटू पाय मुरगळल्यासारखे करून पडला. मँचेस्टरचा टी-शर्ट असला तर बहुतेकांनी मदत केली, कट्टर वैरी लिव्हरपूलचा असला तर फारच थोड्यांनी. दुसऱ्या वेळी प्रश्न फक्त एवढे बदलले, की संघाऐवजी फुटबॉलच्या प्रेमाबद्दल विचारले. आता लिव्हरपूलच्या टी-शर्टवाल्यालाही हात मिळाला. साधा शर्ट घातलेल्याकडे मात्र दोन्ही वेळा बहुतेकांनी पाठच फिरवली.

म्हणजे 'आपले' कोण, हे काही मिनिटांच्या बोलण्यावरही अवलंबून असते. ते बोलणे घरातल्या मोठ्यांच्या, तालमीतल्या वस्तादांच्या आणि शाळेतल्या क्रीडाशिक्षकांच्या हातात आहे. सामन्यानंतर मुलाला "कोण जिंकले?" हे विचाराच, पण त्यानंतर "समोरच्या संघात कोण चांगले खेळले?" हेही विचारा. आणि साध्या शर्टातल्या माणसाचे काय, हा प्रश्न राहतोच. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रोज त्याच्याच गाठी पडतात. तिथे टाके घालताना टी-शर्टचा रंग कुणी पाहत नाही, कारण आधी तो कापूनच काढावा लागतो.