आधी पंगत, मग भाषणं

भंडारा शहरात गणपती असो, नवरात्र असो की शिवजयंती, मंडळाच्या बैठकीत बराच वेळ एकाच प्रश्नावर जातो. यंदा कार्यक्रम कोणता? ऑर्केस्ट्रा की दंडार, पाहुणे कोण, स्टेज केवढं? जेवणाचा विषय शेवटी निघतो आणि ‘आचाऱ्याला सांगून टाकू’ एवढ्यावर मिटतो. माझं मत असं की हे दोन विषय वेगळे धरूच नका. महाप्रसादाचा त्रास झाला की सगळे आचाऱ्याकडे बोट दाखवतात, पण दोष पुष्कळदा वेळापत्रकाचा असतो.

हिशेब करून पाहा. भात दुपारी चारला शिजतो. कार्यक्रम सातचा, पाहुणे येतात साडेआठला, मग सत्कार, मग भाषणं. पहिली पंगत बसते दहाला. म्हणजे सहा तास भात गंजात झाकून पडलेला.

आपला जिल्हा धानाचा, भाताशिवाय आपलं जेवण होत नाही. पण तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. ‘एक वाफ काढून घेऊ’ म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला हे नक्की सांगा. वास बिघडत नाही, चवही बरी लागते, आणि जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू वाढतात. मोठ्या गंजाच्या मधोमध भात तासन्‌तास याच पट्ट्यात राहतो.

म्हणून संध्याकाळी सातला पंगत बसवा आणि कार्यक्रम नंतर ठेवा. पाहुण्यांना उशीर झाला तर भाषणं थांबतील, भात थांबवू नका. सगळा भात एकदम न शिजवता दोन-तीन खेपांत शिजवा. वरण आणि वांग्याची भाजी वाढेपर्यंत चुलीवर उकळती ठेवता येते. गोडात बासुंदीपेक्षा बुंदी बरी, दुधाचे पदार्थ उन्हापावसात टिकत नाहीत. ज्याच्या हाताला जखम किंवा गळू आहे त्याला त्या दिवशी वाढायला नको, पार्किंग सांभाळायला द्या.

वेळेचा दुसरा फटका शुगरच्या रुग्णांना बसतो. संध्याकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन ते मंडपात येतात आणि जेवण मिळतं दहाला. मग घाम, थरथर, गरगरणं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

शहराबाहेरची गोष्ट थोडी वेगळी. दिवाळीनंतर साकोली, लाखनी, लाखांदूरकडे मंडया भरतात आणि झाडीपट्टीचं नाटक उजाडेपर्यंत चालतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांनाही या रंगभूमीचं नाव कळलं. आपण तर लहानपणापासून पाहतोय. नाटक सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. थंडी, जागरण, आणि जागा जाईल म्हणून पाणीच न पिणं, एवढ्यावर त्यांच्या हाडांत असह्य वेदना उठू शकतात. घरात असा रुग्ण असेल तर घोंगडी आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. मंडळानेही पिण्याचं पाणी बसायच्या जागेजवळ ठेवावं.

एवढं करूनही कुणाला उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस घोट-घोट द्या. अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. मूल मलूल पडलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा शौचातून रक्त गेलं तर घरी थांबू नका. एकाच पंगतीतले दोघे-तिघे आजारी पडले तर वाढणं लगेच बंद करा आणि सरकारी दवाखान्याला कळवा. बदनामीच्या भीतीने उरलेलं अन्न नाल्यात ओतू नका. प्रत्येक पदार्थ थोडा-थोडा स्वच्छ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, तपासणीला तोच लागतो.