जपानचा मोह

हल्ली आमच्या सुशिक्षित कुटुंबांत जपानचे वेड बरेच बळावले आहे. चैत्राच्या सुमारास तिकडे जावे, बहरलेल्या चेरीखाली बसावे, क्योतोची देवळे पाहावी, हिरव्या चहाबरोबर तांबड्या कडधान्याचे पुरण भरलेली मिठाई चाखावी, आणि परत आल्यावर ऋतूंशी एकरूप झालेल्या त्या संस्कृतीवर आप्तेष्टांस प्रवचन द्यावे, असा क्रम ठरून गेला आहे. प्रवासास आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो या प्रवचनाच्या शेवटी हमखास येणाऱ्या एका वाक्यास: ‘आपल्याकडे असे काही नाही.’

हे वाक्य नंदुरबारात बसून उच्चारले जाते, म्हणून ते अधिक बोचते. उत्तरेस तापी ओलांडली की सातपुडा समोर येतो. महाशिवरात्रीस तोरणमाळावर गोरखनाथाची यात्रा भरते. मागोमाग काठीची होळी पेटते. डोंगरउतारांवर पळस लाल झालेला असतो आणि मग मोह गळू लागतो. मोहाचे फूल रात्री उमलते व पहाटे आपण होऊन खाली पडते. उजाडण्यापूर्वी भिल्ल व पावरा घरांतील बायकामुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ती रसाळ फुले अंगणात वाळवितात, मनुकांसारखी सुरकुतली की भरून ठेवितात, भाजून व कुटून लाडू करितात. देवाच्या कार्यात मोहाची धार लागतेच. देऊळ, गोड पदार्थ आणि ऋतू ही तिन्ही येथे एकाच झाडाखाली जमतात. जपानात याहून निराळे काय पाहिले, हे आम्हांस कोणी सांगावे.

यावर दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की, मोह हे गरिबाचे, टंचाईचे अन्न; त्यास मिठाईच्या पंक्तीस कसे बसवावे? मोहावर दिवस काढण्याची पाळी कित्येक पाड्यांवर आली, हे खरे आहे, आणि त्या उपासमारीचे कौतुक करण्याइतके आम्ही निर्दय नाही. परंतु ज्या ‘साकुरामोची’ची तारीफ आम्ही इतक्यांदा ऐकिली, तिचे कूळ काय आहे? एदो, म्हणजे आजचे तोक्यो, येथे सुमिदा नदीकाठी चोमेइजी नावाचे देऊळ आहे. त्याचा एक द्वारपाल चेरीची गळलेली पाने झाडून झाडून कंटाळला. 1717 साली त्याने ती मिठात मुरवून गोड वड्यांभोवती गुंडाळली व देवदर्शनास येणाऱ्यांस विकली, अशी तिची कथा आहे. ताज्या पानास फारसा वास नसतो. तो मिठात मुरल्यावर येतो. ओसाकाकडे हीच मिठाई ज्या भरडलेल्या तांदळाची करितात, तो दोम्योजी देवळात शिजवून वाळविलेला टिकाऊ शिधा होता व लढाईवर जाणारे शिपाई तो बरोबर नेत. म्हणजे एक केर होता आणि दुसरी शिदोरी. गरिबीचा डाग तेथे आड आला नाही. आमच्याकडेच तो का यावा?

दुसरे उत्तर अधिक सोवळे आहे: मोह म्हणजे दारू. हे मत आमचे स्वतःचे आहे, असे समजण्याची गरज नाही. ते बरेचसे अबकारी खात्याकडून आले आहे. सरकारी भट्टीच्या दारूवरील उत्पन्न बुडू नये म्हणून इंग्रज सरकारने मोहाकडे वक्रदृष्टीने पाहिले. ठाणे-कुलाब्याकडे तर 1892 साली मोहफुलांवर स्वतंत्र कायदाच झाला. स्वराज्य आले, तरी 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हे फूल नियंत्रणाखालीच ठेविले, आणि ते गोळा करणे, साठविणे व नेणे यांवरील बंधने महाराष्ट्र सरकारने उठविली ती 2021 साली. जपानी साके तांदळाचीच होते. म्हणून तांदूळ बाळगणाऱ्या शेतकऱ्यास कोणी गुन्हेगार मानिले नाही, आणि आमचे प्रवासीही ती साके ‘परंपरा’ म्हणून आदराने चाखतात. नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असण्याचे कारण फुलात नाही. ते फूल वेचणारा कोण, यात आहे. क्योतोचा हलवाई आम्हांस कलावंत वाटतो. धडगावची म्हातारी मागासलेली वाटते.

अलीकडे मोहाचे लाडू सुबक डब्यांत भरून विकण्याचे प्रयत्न होऊ लागले आहेत. वेचणारीच्या हाती चार पैसे अधिक पडत असतील, तर ते व्हावेत. पण घेणारे ते बहुधा ‘आदिवासी खाद्य’ म्हणून, प्रदर्शनातल्या नवलाईसारखे घेतात. घरच्या देवापुढे नैवेद्य म्हणून ठेवीत नाहीत. पाडव्यास आमच्या ताटात श्रीखंड असते, आणि ते असावेच. त्याच दिवसांत तीस-चाळीस कोसांच्या आत मोह गळत असतो, आणि नंदुरबारच्या शाळांतील मुले ‘वसंत ऋतू’ या निबंधात आंब्याचा मोहोर व कोकिळा लिहून मोकळी होतात. त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर मोह वेचून आलेला मुलगा बसलेला असतो. तोही आंबा आणि कोकिळाच लिहितो, कारण गुण त्यालाच मिळतात.