यांत्रिक हात व शेजारधर्म

ज्यास डोळ्यांनीं दिसत नाहीं त्यास शब्द ऐकूं येतो. ज्यास कानांनीं ऐकूं येत नाहीं त्यास लिहिलेलें वाचतां येतें. परंतु ज्याचीं हीं दोन्ही द्वारें बंद आहेत त्याच्यापर्यंत शब्द कसा पोंचवावा? या प्रश्नाचें उत्तर मनुष्यानें पूर्वींच शोधून काढिलें आहे. तो शब्द त्याच्या हातांत द्यावा. आतां या उत्तरांत यंत्रशास्त्रानें आपली भर घालण्याचें मनावर घेतलें आहे. ती भर कितपत हितकर आहे, व तिचें स्वागत करतांना कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं, नॉर्थईस्टर्न विद्यापीठांत शिकलेल्या समांथा जॉन्सन या तरुण अभियंता बाईंनीं टॅटम रोबॉटिक्स नांवाची लहानशी कंपनी काढून एक यांत्रिक हात तयार करण्याचें कार्य हातीं घेतलें. हा हात मेजावर ठेवावयाचा असतो. संगणकांत आलेला मजकूर तो आपल्या बोटांच्या आकारांनीं एकेक अक्षर करून दाखवितो, आणि अंधबधिर मनुष्य त्यावर आपला हात अलगद ठेवून तीं अक्षरें स्पर्शानें ओळखीत जातो. बोटांच्या खुणांनीं बोलण्यास आपल्या मराठींत करपल्लवी असा एक सुंदर शब्द आहे. तो येथें योजावयाचा, तर हें करपल्लवी जाणणारें यंत्र होय.

अशा यंत्राची गरज कोणास, हें प्रथम पाहिलें पाहिजे. अंधबधिर म्हटलें म्हणजे आपल्या मनापुढें एकाच प्रकारचें चित्र उभें राहतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. कित्येकांस थोडें दिसतें, कित्येकांस थोडें ऐकूं येतें, आणि कित्येक जण वार्धक्यांत दोन्ही इंद्रियांस मुकतात. ब्रिटिश नेत्रवैद्य चार्ल्स अशर यांच्या १९१४ सालच्या संशोधनावरून ज्यास नांव पडलें, त्या अशर विकारानें ग्रस्त झालेल्यांचाही एक वर्ग आहे. या विकाराच्या एका प्रकारांत मूल जन्मतःच बहिरें असतें. पुढें त्यास प्रथम रात्रीं दिसेनासें होतें, आणि मग दृष्टीच्या कडा झिजत जाऊन नळींतून पाहिल्यासारखें मधलेंच काय तें दिसतें. असें मूल बहिऱ्या मंडळींत वाढलें असल्यास खुणांची भाषा हीच त्याची मातृभाषा होते. पुढें दृष्टि गेली तरी ती भाषा जात नाहीं. बोलणाऱ्याच्या हातांवर आपले हात ठेवून तो त्याच खुणा स्पर्शानें घेऊं लागतो. अशा मनुष्यास “ब्रेल लिपि आहे ना?” असें विचारणें सोपें आहे; परंतु ज्याचें सारें आयुष्य खुणांच्या भाषेंत गेलें त्यानें चाळिशींत उंचवट्याचे ठिपके चाचपून परकी भाषा वाचावयास शिकणें किती कठीण, हें विचारणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं.

करपल्लवीचा उपयोग शिक्षणांत झाला त्याचा इतिहास मनोरम आहे. बॉस्टन येथील पर्किन्स संस्थेंत १८३७ सालीं लॉरा ब्रिजमन ही सात वर्षांची अंधबधिर मुलगी दाखल झाली. डॉक्टर सॅम्युएल हाऊ यांनीं तिला प्रथम वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्या चिकटवून शब्द शिकविले. करपल्लवी मागाहून आली. त्याच संस्थेंत पुढें ॲन सलिव्हन ही मंददृष्टि विद्यार्थिनी राहत होती. तिनें करपल्लवी आत्मसात करून लॉराशीं बोलण्याचा परिपाठ ठेविला, आणि १८८७ सालीं ती हेलन केलरच्या घरीं गेली तेव्हां हीच विद्या बरोबर घेऊन गेली. म्हणजे एका अंधबधिर स्त्रीशीं झालेल्या संभाषणांतून दुसरीच्या शिक्षणाची वाट निघाली. हातांतून हातांत जाणारी ही परंपरा आहे.

यंत्राची कल्पनाही अगदीं कालची नव्हे. १९८५ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं डेक्स्टर नांवाचा यांत्रिक हात बनविला होता, आणि त्यानंतर कांहीं वर्षांनीं कॅलिफोर्नियांतच राल्फ नांवाचा सुधारलेला हात निघाला. इटलींत ट्यूरिन येथील संशोधकांनींही दुरून पाठविलेल्या खुणा यांत्रिक हातानें उमटविण्याचा प्रयत्न पार्लोमा या नांवानें केला. तथापि डेक्स्टर व राल्फ यांपैकीं एकही हात घरोघर पोंचला नाहीं. ज्या वस्तूचे ग्राहक थोडे, तिची किंमत जड. आणि किंमत जड म्हणून ग्राहक आणखी थोडे, असें हें दुष्टचक्र आहे. आतां संगणक व सांचे स्वस्त झाल्यामुळें तें भेदण्याची आशा उत्पन्न झाली आहे.

या यंत्राचा कैवार घेण्यास आमच्या मतें एक कारण इतर सर्वांहून बलवत्तर आहे. ज्यास ब्रेल येत नाहीं व मुळींच दिसत नाहीं अशा अंधबधिर मनुष्यास आलेलें पत्र दुसऱ्यानें वाचल्याशिवाय त्यास कळत नाहीं. वैद्याचा अभिप्राय, पेढीची सूचना, मित्राचा राग, बहिणीचें दुःख, हें सर्व आधीं तिसऱ्या मनुष्याच्या नजरेखालून जावयाचें आणि मग त्याच्या हातीं यावयाचें. आपण आपलें पत्र कोणी फोडलें तर संतापतों. त्याचें प्रत्येक पत्र फोडलेलेंच असतें. वाचून दाखविणारा कितीही सज्जन असो, त्याच्या सवडीची वाट पाहावी लागते आणि त्याच्या कंटाळ्याचीही भीड पडते. तेंच वाक्य चौथ्यांदा सांगा, असें म्हणावयास जीभ रेटत नाहीं. यंत्र थकत नाहीं, कुरकुरत नाहीं, आणि वाचलेलें गांवभर सांगत नाहीं. आणखीही एक कारण २०२० सालीं जगापुढें आलें. त्या वर्षींच्या साथींत स्पर्श हाच धोक्याचा ठरला. ज्यांचें सर्व बोलणें स्पर्शावर अवलंबून होतें त्यांच्या दारीं दुभाषी येणें कठीण झालें, आणि कित्येक जण घरांत बसल्या ठिकाणीं जगापासून तुटले. अशा वेळीं मेजावर एक यांत्रिक हात असता तर निदान बातमी तरी मिळाली असती. म्हणून, “मनुष्याचा हात असतां यंत्र कशाला?” असें जे म्हणतात त्यांस आम्ही नम्रपणें विचारतों, तो मनुष्याचा हात रोज, हवा त्या वेळीं, कोण देणार?

येथवर यंत्राची बाजू झाली. परंतु दुसरी बाजूही तितकीच विचारार्ह आहे. पहिली गोष्ट ही कीं, अक्षरें उमटविणें निराळें आणि भाषा बोलणें निराळें. करपल्लवीनें यंत्र जें सांगतें तें इंग्रजीच. फक्त कागदावरचें इंग्रजी बोटांवर आलें. अमेरिकेंतील बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेस स्वतःचें व्याकरण आहे. तींत दोन्ही हात, बाहू, हालचालीची दिशा, वेग व जोर हीं सर्व अर्थ वाहतात. एका हाताच्या पांच बोटांनीं तें सर्व साधत नाहीं. जो इंग्रजींत कच्चा, त्याला बोटांवरचें इंग्रजी मिळून अर्धेंच काम होतें.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. सिॲटल शहरीं अंधबधिर लोकांचा समाज मोठा आहे. तेथें २००७ सालच्या सुमारास एजे ग्रांडा व जेलिका नुचियो या अंधबधिर पुढाऱ्यांनीं, डोळस दुभाष्यांस मध्यें न घालतां परस्परांशीं थेट बोलण्याचा प्रघात पाडिला. त्यांतून प्रोटॅक्टाइल नांवाची बोलण्याची नवीच रीत निघाली. हींत दोघें जवळ, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. बोलणाऱ्याच्या खुणा ऐकणाऱ्याच्या हातावर, बाहूवर, मांडीवर उमटतात. आणि ऐकणाराही स्वस्थ बसत नाहीं. त्याचा मोकळा हात बोलणाऱ्याच्या मांडीवर थाप देऊन “हो, कळलें” म्हणतो, बोटें गुदगुल्यांसारखीं नाचवून हंसतो, हात थबकवून शंका दाखवितो. टेरा एडवर्ड्स व डायन ब्रेन्टारी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या रीतींतून स्पर्शाची नवी वर्णव्यवस्था कशी घडत आहे तें दाखविलें आहे. आपण बोलतांना समोरचा मनुष्य मान डोलावतो, हुंकार देतो. तो थांबला कीं आपणही थांबतों. संभाषण हें दोघांनीं मिळून विणलेलें वस्त्र असतें. मजकूर वाचून दाखविणाऱ्या हाताच्या ठिकाणीं हा हुंकार नाहीं. ऐकणाऱ्याचीं बोटें वाईट बातमीनें गार पडलीं तरी तो पुढचें अक्षर दाखवीतच राहणार. यंत्रास यांत दोष नाहीं. परंतु वार्ता पोंचविणें म्हणजेच संभाषण, असा आपला ग्रह झाला तर तो दोष आपला.

तिसरी गोष्ट समाजाच्या स्वभावाविषयींची आहे, आणि आम्हांस खरी भीति तिचीच वाटते. साधन विकत घेतलें कीं कर्तव्य संपलें, असें मानण्याकडे आपली प्रवृत्ति असते. उद्यां एखाद्या इस्पितळाचा व्यवस्थापक म्हणेल, “यंत्र घेतलें आहे, आतां दुभाष्याचा पगार कशाला?” एखादा भाऊ म्हणेल, “दादाला यंत्र दिलें आहे, आतां मीं रोज जवळ जाऊन बसण्याचें कारण काय?” असें झालें तर जें यंत्र एकांतवास फोडण्यास आणलें, त्यानेंच एकांतवासाची भिंत पक्की केली असें होईल. जॉन ली क्लार्क या अंधबधिर कवि-निबंधकारांनीं २०२१ सालच्या आपल्या एका गाजलेल्या निबंधांत अशाच प्रकारची तक्रार मांडिली आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, डोळस व ऐकत्या लोकांच्या जगाची फिकी नक्कल आमच्यापुढें ठेवण्यांतच पुष्कळदां सोयीची इतिश्री होते. आमचें जें स्पर्शाचें जग आहे त्यांत येण्याची तसदी कोणी घेत नाहीं. हे शब्द कठोर वाटले तरी अनुभवाचे आहेत.

यास्तव अशा प्रत्येक शोधास दोन कसोट्या लावाव्या, असें आमचें मत आहे. पहिली, ज्यांच्यासाठीं तो आहे त्यांचे हात तो घडवितांना त्यावर पडले कीं नाहीं. म्हणजे त्यांची संमति घेतली एवढेंच नव्हे, तर त्यांचा सल्ला ऐकला कीं नाहीं. दुसरी, तें यंत्र घरांत आल्यावर त्या मनुष्याकडे येणाऱ्या माणसांचे हात वाढले कीं घटले. पहिल्या कसोटीस जें उतरत नाहीं तें खेळणें समजावें. दुसऱ्या कसोटीस जें उतरत नाहीं तें, कितीही कुशल असो, अपकारकच म्हणावें लागेल. एकट्यानें वाचण्यासाठीं यंत्र, आणि बोलण्यासाठीं माणूस, अशी वांटणी झाली तर मात्र दोहोंचेंही कल्याण आहे.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. १९५५ सालीं हेलन केलर भारतांत आल्या होत्या. पुढें १९७७ सालीं मुंबईंत बेरोझ वाच्छा यांनीं त्यांच्या नांवानें बहिऱ्या व अंधबधिर मुलांकरितां संस्था काढिली. २०१६ सालच्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यानें बहुविध अपंगत्वाच्या सदरांत अंधबधिरत्वाचा स्पष्ट उल्लेख केला. तथापि अमेरिकेंतील हात जसाच्या तसा आणून येथें भागणार नाहीं. तेथील करपल्लवी एका हाताची आहे. आपल्याकडील खुणांच्या भाषेंत इंग्रजी अक्षरें ब्रिटिश पद्धतीप्रमाणें दोन हातांनीं दाखवितात. शिवाय आपल्या मुलांच्या घरीं मराठी, गुजराती, हिंदी बोलतात. तेव्हां आपलें यंत्र आपल्याच लोकांनीं, आपल्याच अंधबधिर बांधवांस विचारून केलें पाहिजे. आमच्या विज्ञानवर्गांतील ज्या मुलांस मोटारी व तारा जोडण्याची आवड आहे त्यांनीं या कामाकडे अवश्य लक्ष द्यावें. यांत कीर्ति थोडी, पण उपयोग मोठा आहे.

परंतु यंत्र तयार होईपर्यंत थांबण्याचें कांहींच कारण नाहीं. ब्रिटनमधील अंधबधिरांच्या पद्धतींत पांच स्वर पांच बोटांच्या टोकांवर आहेत. ऐकणाऱ्याच्या अंगठ्याच्या टोकास स्पर्श केला कीं ए, तर्जनीच्या टोकास ई, मध्यमेच्या आय, अनामिकेच्या ओ, व करंगळीच्या यू. उरलेलीं अक्षरेंही थोड्या दिवसांच्या सरावानें येतात. तेंही नको असेल, तर ज्यास अक्षरओळख आहे त्याच्या तळहातावर आपल्या बोटानें एकेक अक्षर काढावें. त्यास कांहींच शिक्षण लागत नाहीं, फक्त सवड लागते. आमच्या विद्यार्थ्यांस पुढें कोणत्या तरी इस्पितळांत, कचेरींत, आगगाडींत असा मनुष्य भेटणें अगदीं संभवनीय आहे. त्या वेळीं त्याच्या सोबत्याशीं त्याच्याविषयीं न बोलतां, त्याच्या हातास हळूच स्पर्श करून आपलें नांव त्याच्या तळहातावर लिहावें, आणि तो काय म्हणतो तें ऐकण्यास थांबावें, एवढी आमची सूचना आहे.